माहेरची गाडी सत्तावीस वर्षांनी आली

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. उरणपर्यंत लोकल सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील. आमच्या सारसोळे गावातल्या एक मावशी सकाळी सकाळी दारात उभ्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पाटी, पाटीत चिंबोऱ्या आणि वर ओलं फडकं. म्हणाल्या, "चल गो बाय, माज्या माहेराला जाव. गारी सुरू झाली ना?"

मावशींचं माहेर उरणकडचं. लग्न होऊन सारसोळ्याला आल्या तेव्हा माहेरी जायचं म्हणजे दिवस मोडायचा. एक बस, दुसरी बस, पुढे पायपीट. कंटेनरच्या रांगेत बस अडकली की दोन-दोन तास जागचं हलायचं नाही. नाहीतर मुंबईला जाऊन भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरायची. तिथेही ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागत नाही. मावशींची आई गेली तेव्हा निरोप सकाळी आला होता आणि त्या पोचल्या संध्याकाळी. तोवर सगळं आटोपलं होतं. हे त्या कधी रडून सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, "खाडीच्या पलीकरं तर व्हतं, पन रस्ता लांबचा."

त्या दिवशी आम्ही दोघी नेरूळहून गाडीत बसलो. सीवूड्स-दारावे सोडलं, तिवरं मागे पडली, बामणडोंगरी गेलं, खारकोपर गेलं. मावशी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. गव्हाण, शेमटीखार, न्हावा शेवा, द्रोणागिरी. एकेक गाव ओळखून सांगत होत्या, "ही आमची मिठागरं व्हती बघ." उरण आलं तेव्हा त्यांना खरंच वाटेना. "झालं? आलं पन?"

पण परतताना वेगळाच अनुभव आला. एक गाडी डोळ्यांदेखत गेली आणि पुढची यायला भरपूर वेळ होता. मधल्या एका स्टेशनावर जिना चढताना मावशींची दमछाक झाली. लघवीला जायची सोय शोधत आम्ही फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. घरी आल्यावर पाटी खाली ठेवत मावशी म्हणाल्या, "गारी बेस हाय. पन मना विचारलं असतं तं आनखी बेस झाली असती."

मैत्रिणींनो, मावशींचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रेल्वे येणार म्हटलं की आपण खूश होतो. पेढे वाटतो, पहिल्या गाडीला हार घालतो, इंजिनापुढे नारळ फोडतो. पण ती कुठून येणार, कुठे थांबणार, किती वेळाने येणार, हे कोण ठरवतं? कधी ठरवतं? आणि त्या ठरवण्याच्या वेळी आपण बायका कुठे असतो?

किलोमीटरला एक वर्ष

आमच्या या उरण मार्गाची कहाणी ऐकण्यासारखी आहे. नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली १९७० साली. मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला लोकल आली १९९२ च्या मे महिन्यात. दुसऱ्या वर्षी ती नेरूळ-बेलापूरपर्यंत पोचली, १९९८ मध्ये पनवेलला आणि २००४ मध्ये ठाण्याहून वाशीची गाडी सुरू झाली. नेरूळ/बेलापूर ते उरण हा साधारण २७ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९७ च्या सुमारास. त्याचा पहिला टप्पा, खारकोपरपर्यंतचा, ११ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाला आणि उरणपर्यंतचा दुसरा टप्पा १२ जानेवारी २०२४ ला. म्हणजे हिशेब करा, २७ किलोमीटरला २७ वर्षं. किलोमीटरला एक वर्ष! १९९७ साली जन्मलेली मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन सासरी गेली, तिला मूल झालं, तेव्हा कुठे उरणची गाडी आली.

आणि पैसा? सुरुवातीला या मार्गाचा खर्च धरला होता सुमारे ४९५ कोटी. पुढे तो सुधारून १,७८२ कोटींवर गेला. साडेतीन पटींहून जास्त! आपल्या घरात किराणा मालाची यादी करून आपण दुकानात उशिरा गेलो तर भाव वाढलेले असतात, पण साडेतीन पट? हा खर्च रेल्वेने एकटीने केलेला नाही. नवी मुंबईतल्या रेल्वेमार्गांसाठी सिडकोचा वाटा ६७ टक्के आणि रेल्वेचा ३३ टक्के असं ठरलेलं आहे. म्हणजे तीन रुपयांतले दोन रुपये सिडकोचे. सिडकोकडे पैसा आला कुठून? प्रामुख्याने जमिनीचे भूखंड विकून. ती जमीन कुणाची? सारसोळे, दारावे, करावे, नेरूळ, गव्हाण, जासई, बोकडवीरा अशा गावांची. भातशेती, मिठागरं, खाजण. शिवाय नवी मुंबईच्या प्रवाशांनी कितीतरी वर्षं तिकिटावर जादा अधिभारही भरला. म्हणून मी म्हणते की ही गाडी आपल्याला कुणी दान दिलेली नाही. आपण तिची किंमत आधी जमिनीतून मोजली, मग तिकिटातून मोजली आणि वाट बघण्यातून तर मोजलीच मोजली. जिने किंमत मोजली तिला माल कसा हवा हे सांगण्याचा हक्क असतो. साडीच्या दुकानात आपण तो बरोबर वापरतो!

बैठक होते, याद्या होतात, आणि मग

रेल्वेमार्ग कसा ठरतो हे मी जमेल तसं समजून घेतलं. आमच्या महिला मंडळात सांगितलं ते तुम्हालाही सांगते. लग्न ठरण्यासारखंच आहे बघा. आधी होते पाहणी. म्हणजे मुलगी पाहायला यावं तसे लोक येतात, मोजमाप करतात, जातात. पाहणी झाली म्हणजे रेल्वे आली असं नाही. महाराष्ट्रात कितीतरी मार्गांच्या पाहण्या झाल्या आणि कागद कपाटात राहिले. मग होतो सविस्तर प्रकल्प अहवाल. त्यात रूळ कुठून जाणार, स्टेशनं किती, पूल किती, खर्च किती, उत्पन्न किती हे सगळं लिहिलेलं असतं. ही झाली बैठक. मग मंजुरी आणि अर्थसंकल्पात तरतूद. इथे एक गंमत असते. मार्ग मंजूर असतो, पण वर्षाला तरतूद अगदीच नावापुरती. साखरपुडा झाला, पण लग्नाची तारीखच निघत नाही, तसं.

मग येते जमीन आणि परवानग्या. मग निविदा, म्हणजे टेंडर. माती भराव एकाला, पूल दुसऱ्याला, स्टेशनच्या इमारती तिसऱ्याला, सिग्नल चौथ्याला, विजेच्या तारा पाचव्याला. सगळं झालं की रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. त्यांनी होकार दिला तरच प्रवासी गाडी धावू शकते. आणि शेवटी गाड्या. रूळ तयार झाले म्हणून दर दहा मिनिटांनी गाडी येत नाही. त्यासाठी डबे लागतात, मोटरमन लागतात, गाडी उभी करायला जागा लागते. उरण मार्गावर २०२४ मध्ये सुरुवातीला दिवसभरात जाऊन-येऊन चाळीस फेऱ्या होत्या आणि त्याही नेरूळ आणि बेलापूर अशा दोन ठिकाणांत वाटलेल्या. मग मावशींना ताटकळावं लागलं यात नवल काय? डिसेंबर २०२५ पासून दहा फेऱ्या वाढल्या, तरघर आणि गव्हाणला गाडी थांबू लागली. तोवर गाडी या दोन्ही ठिकाणी न थांबता पुढे जायची.

आता यातली मेख लक्षात घ्या. आपण बायका जाग्या होतो केव्हा? गाडी सुरू झाल्यावर. जिना चढताना पाय दुखले की, अंधारात स्टेशनबाहेर रिक्षा मिळाली नाही की. पण तोवर सगळं सिमेंटमध्ये घट्ट झालेलं असतं. बदल करायचा तर नवीन अंदाजपत्रक, नवीन मंजुरी, नवीन टेंडर. पोळी लाटून झाल्यावर पिठात मीठ घालता येतं का? मीठ कणीक मळताना घालायचं असतं. आपला आवाज अहवालाच्या आणि टेंडरच्या वेळी पोचला तर फुकटात काम होतं. नंतर तेच काम लाखात जातं आणि बहुतेक वेळा होतच नाही.

"ते कामात धरलेलं नाही"

माझाच एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जणी एका कार्यालयात निवेदन घेऊन गेलो होतो. मागणी साधी होती. स्टेशनच्या ज्या बाजूने बाजारात जाणाऱ्या बायका उतरतात त्या बाजूला स्वच्छतागृह हवं, आणि जिन्याच्या बाजूने एक उतार हवा, पाटीवाल्या बायकांसाठी, बाबागाडीसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी. तिथले साहेब वाईट नव्हते. चहा पाजला. कागद उघडून दाखवला आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर आहे, पण ते कामात धरलेलं नाही." मी विचारलं, "धरायचं कधी होतं?" ते हसले. म्हणाले, "तेव्हा तुम्ही आला नाहीत."

बाहेर पडताना रागही आला आणि लाजही वाटली. राग याचा, की आम्हाला बोलावलं कोणी होतं? आणि लाज याची, की आम्ही विचारलं तरी कुठे होतं? पेपरमध्ये आलेल्या टेंडरच्या जाहिराती आम्ही मुलांच्या वह्यांना कव्हर घालायला वापरल्या. त्यातल्या बारीक अक्षरांत आमचा जिना होता, आमचं स्वच्छतागृह होतं, आमच्या फलाटावरचे दिवे होते. म्हणजे तिथे ते नव्हते, आणि ते नाहीत हे आम्हाला वाचता आलं असतं.

रेल्वेच्या बाबतीत छोट्या गोष्टी छोट्या नसतात. डब्यातल्या धरायच्या कड्यांची उंची घ्या. कुणीतरी कुठेतरी एक आकडा लिहितो आणि पाच फुटांखालची बाई आयुष्यभर टाचा उंचावून प्रवास करते. पुलाची रुंदी घ्या. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरी झाली, २३ जीव गेले. पूल अरुंद आहे हे रोज जाणाऱ्याला कधीच कळलेलं असतं. पण रोज जाणाऱ्याला विचारतो कोण? उलट विचार केला तर काय होतं याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली बायकांची स्वतंत्र लोकल सुरू झाली. अख्खी गाडी बायकांची! तिच्यामुळे किती जणींना संध्याकाळी बसून घरी जाता आलं, गाडीत भाजी निवडता आली, याची मोजदाद कुठल्या अहवालात नाही.

बायकांचा वेळ कुठल्या रकान्यात?

हा मोजदादीचाच मुद्दा आहे. नवा मार्ग परवडतो की नाही हे ठरवताना त्यातून परतावा किती मिळेल याचा हिशेब होतो. किती प्रवासी येतील, किती मालवाहतूक होईल, तिकिटातून किती रुपये येतील. हिशेब हवाच, सरकारी पैसा म्हणजे आपलाच पैसा. पण कामावर जाणारा माणूस सकाळी जातो, संध्याकाळी येतो, त्याचा मासिक पास असतो, तो हिशेबात सहज धरता येतो. बाईचा प्रवास असा सरळ नसतो. ती मुलाला शाळेत सोडते, तिथून बाजार, तिथून सासूबाईंची औषधं, मधल्या वेळेत शिवणाच्या क्लासला. ती दुपारी प्रवास करते आणि दुपारीच तर गाड्या कमी असतात. मुलगी कॉलेजला गेली आणि संध्याकाळची गाडी चुकली, पुढची तासाने, बाहेर अंधार. असं चार वेळा झालं की घरात काय म्हणतात? "पुरे झालं शिक्षण." वेळापत्रकातली एक रिकामी जागा एका मुलीचं बी.ए. खाऊन टाकते. हा तोटा कुठल्या रकान्यात लिहायचा?

सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

आता जमिनीबद्दल बोलते, कारण जिथे नवा मार्ग येतो तिथे सगळ्यात आधी हीच गोष्ट दारात येते. उरण मार्ग रखडला त्याला जमीन हे एक मोठं कारण होतं, दुसरं तिवरांचं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरं तोडण्यावर बंदी घातली, त्यामुळे खाडीतून जाणाऱ्या कामांना न्यायालयाची परवानगी लागू लागली. काही लोक म्हणतात, गावकऱ्यांनी आणि पर्यावरणवाल्यांनी गाडी अडवली. मला हे पटत नाही. जानेवारी १९८४ मध्ये याच उरण-पनवेल पट्ट्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व त्या रक्तातून आलं. ज्यांनी एकदा असं भोगलं ते दुसऱ्यांदा जमीन देताना कागद नीट बघणारच. आणि तिवरं म्हणजे नुसती झाडं नाहीत, आमच्या गावातल्या बायकांचं ताट आहे. तिथेच निवटे, चिंबोऱ्या, कोलंबी. उशीर झाला तो लोकांनी प्रश्न विचारले म्हणून नव्हे. आधी आखणी आणि मग विचारपूस, असा उलटा क्रम लागला म्हणून झाला.

पण गावाच्या लढ्यातही आम्हा बायकांचा एक वेगळा प्रश्न राहून जातो. मोबदला मिळतो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. आपलं नाव असतं का तिथे? महाराष्ट्रात १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, देशभर तो २००५ मध्ये आला. कायदा आहे. पण रेल्वेची, रस्त्याची नोटीस आली की भाऊ गोड बोलत घरी येतो. इतकी वर्षं भाऊबीजेला न आलेला भाऊही येतो! "ताई, एक सही कर, नाहीतर पैसे अडकतील." तो कागद असतो हक्कसोडपत्र. मी असं म्हणत नाही की भावाशी भांडा. माहेर तुटलं की काय होतं ते मला माहीत आहे. सही करायची तर करा, पण वाचून करा, रक्कम विचारून करा, आणि आपण काय सोडतोय हे कळून करा. रेल्वेने माहेर जवळ यावं आणि रेल्वेच्याच पैशाने ते तुटावं, असं आमच्या भागात मी पाहिलंय.

आणि ज्यांचा सातबाराच नाही त्यांचं काय? खाडीत गुडघाभर चिखलात उतरून शिवल्या वेचणाऱ्या बाईच्या नावे खाडी कुठे लिहिलेली असते? भराव पडला की तिचं शेत गेलं, पण कागदावर काहीच गेलेलं नसतं. उरण-पनवेल भागातल्या मच्छीमार कुटुंबांनी यासाठी दाद मागितली. बंदराच्या कामांमुळे मासेमारी गेली म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. तो खटला बंदराचा होता, रेल्वेचा नव्हे. पण खाडीवर जगणाऱ्याचाही हक्क असतो, हे त्यातून कागदावर आलं. नवा मार्ग आखताना हे आधीच धरलं तर कोर्टाची पायरी चढायला नको.

"सगळ्यांना विचारत बसलो तर..."

मंडळात हा विषय काढला तेव्हा आमच्याच एका सभासदबाईंचे यजमान म्हणाले, "वहिनी, आधीच सत्तावीस वर्षं लागली. त्यात बायकांना विचारत बसलो असतो तर पन्नास लागली असती!" सगळे हसले. मीही हसले. पण विचार करा, त्या सत्तावीस वर्षांत बायकांना विचारण्यात एक दिवस तरी गेला का? मग उशीर कशाने झाला? पैसे तुटपुंजे आले, जमीन उशिरा ताब्यात आली, परवानग्या उशिरा मागितल्या, खर्च वाढला, पुन्हा मंजुरी. विचारल्याने उशीर होतो हा गैरसमज आहे. न विचारता केलेलं काम दोनदा करावं लागतं, उशीर त्याने होतो. सून आल्यावर स्वयंपाकघराचा ओटा पुन्हा फोडणारी घरं आपण पाहिली आहेतच की!

हे फक्त नवी मुंबईचं दुखणं नाही. हे सदर वाचणाऱ्या कितीतरी मैत्रिणींच्या गावात रेल्वे येऊ घातलेली आहे. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग घ्या. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं! वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८ च्या सुमारास मंजूर झाला, वर्ध्याहून कळंबपर्यंतचा टप्पा सुरू झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये. आमच्या शेजारी पनवेल-कर्जत लोकल मार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. चिखले, मोहपे, चौक अशी त्यावरची स्टेशनं. तिथल्या बायकांनी उद्याच्या जिन्याबद्दल कुणाला विचारलं असेल का?

मग करायचं काय?

मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. वेळ आली तर तोही काढू. पण त्याआधी घरातली कामं आवरून करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत.

गावात पाहणीची माणसं दिसली, रंगवलेले दगड पुरलेले दिसले, की महिला ग्रामसभेत विषय घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्यात आहे. ती फक्त रजिस्टरवर सह्या करण्यापुरती ठेवू नका. स्टेशन गावापासून किती लांब, तिथे जायला रस्ता आहे का, रस्त्यावर दिवे आहेत का, हे तीन प्रश्न ठरावात लिहा. रूळ गेल्यावर शेताची पायवाट, पाणवठा, शाळा पलीकडे राहणार असेल तर भुयारी मार्ग कुठे आणि पावसाळ्यात तो तुंबणार नाही ना, हा चौथा. हा प्रश्न तर बायकाच विचारणार, कारण गुडघाभर पाण्यातून मूल कडेवर घेऊन त्याच जातात.

टेंडर निघायच्या वेळी माहिती अधिकाराचा अर्ज करा. २००५ पासून कायदा आहे, दहा रुपये फी आहे. स्टेशनच्या कामात काय काय धरलंय याची यादी मागा. स्वच्छतागृह, पाणी, उतार, लिफ्ट, दिवे, बसायची जागा, बाळाला पाजायला आडोसा. नसेल तर तेव्हाच निवेदन द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची, बरं का! कॉलेजमधल्या मुलींना हाताशी धरा. निविदा आता संकेतस्थळावर दिसतात, त्या पोरी मोबाइलवर पाच मिनिटांत शोधून देतात.

गाडी सुरू झाली की वेळापत्रक बघा. कॉलेज सुटतं केव्हा, बाजार उठतो केव्हा, दवाखाना बंद होतो केव्हा, हे लिहून द्या. रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समित्या असतात. त्यांत बाई आहे का ते विचारा. नसेल तर का नाही, तेही विचारा. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा आपल्याला आहेत. मग आपल्या नगरसेविकेने, सरपंचबाईने रेल्वेचा विषय "तो साहेब लोकांचा" म्हणून सोडून का द्यावा?

मला ठाऊक आहे, हे वाचून काही जणी म्हणतील, "आमचं कोण ऐकतंय?" खरं आहे, पहिल्यांदा कोणी ऐकत नाही. आम्ही स्वच्छतागृहासाठी गेलो तेव्हा रिकाम्या हाताने परतलो. पण त्यानंतर आमच्या मंडळात एक वही ठेवली आहे. आमच्या भागात कुठलंही सार्वजनिक काम निघालं की त्याची जाहिरात कापून तिच्यात चिकटवायची आणि आठ दिवसांत आमचं म्हणणं लिहून द्यायचं. वह्यांना कव्हर घालायला आता आम्ही दुसरा कागद आणतो.

मावशी अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी उरणला जातात. आई नाही, पण भाऊ-भावजय आहेत, त्यांची नातवंडं आहेत. परवा वहीत एक जाहिरात चिकटवत होते तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. वाचता येत नाही त्यांना. विचारलं, "काय लिवलंय गो?" मी सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "लिही, म्हनावं पाटी टेकवायला एक कट्टा ठेवा फलाटावं. उचलून देनारा दर वेलेस गावत नाय."

लिहिलं. पाटीची उंची किती, बाईच्या कमरेपासून डोक्यापर्यंत अंतर किती, सगळं मोजून लिहिलं. मैत्रिणींनो, इतकं अचूक माप त्यांच्याशिवाय कोण देणार होतं?